गला बोली व ‘भ्रष्टते’चा प्रवाद

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना व जॉर्जिया येथील किनारी बेटांवर दास्यात आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज ‘गला’ बोलतात. तिला दीर्घकाळ भ्रष्ट इंग्रजी मानून हिणविण्यात आले. लोरेन्झो डाउ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने १९३२ पासून तेथे प्रत्यक्ष नोंदी घेतल्या, पश्चिम आफ्रिकी भाषांचे अध्ययन केले आणि १९४९ मध्ये आफ्रिकी मूळ असलेले सुमारे ४,००० शब्द ग्रंथबद्ध केले. त्यांतील बहुसंख्य व्यक्तिनामे होत. ती घरात चालत. परक्यास मात्र इंग्रजी नाव सांगितले जाई. पूर्वीच्या अभ्यासकांना ती आढळली नाहीत. शिवाय आफ्रिकी भाषाही त्यांना अवगत नव्हत्या. सारांश, दास्याने पूर्वस्मृती पुसली, हा समज निराधार ठरला. बोलीस भ्रष्ट म्हणण्यापूर्वी अभ्यासकाने प्रथम स्वतःचे अज्ञान तपासावे, हे उचित.