शिक्षकभरतीची परिभाषा

पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होऊन बी. एड. झालेले आपले अनेक विद्यार्थी जिल्हा परिषदेच्या, महानगरपालिकेच्या अथवा अनुदानित शाळेतील जागेच्या शोधात असतात. जागा थोड्या व उमेदवार फार, ही अडचण सर्वांना ठाऊक आहे. दुसरी अडचण मात्र तितकीशी ध्यानात येत नाही. ती भाषेची आहे. ‘संचमान्यता’, ‘बिंदुनामावली’, ‘समायोजन’, ‘अभियोग्यता’, ‘प्राधान्यक्रम’ हे शब्द सुशिक्षित माणसाला परिचयाचे वाटतात. परंतु त्यांचा अर्थ कोशात पाहून कळत नाही. शासननिर्णयांनी त्यांना विवक्षित अर्थ दिलेले आहेत आणि ते ठाऊक नसल्यामुळे पात्र उमेदवाराचेही नुकसान होते. प्रस्तुत लेखात या शब्दांच्या आधारे भरतीची पद्धती विशद करावयाची आहे.

प्रथम जागा निर्माण कशी होते ते पाहू. शाळेतील शिक्षक निवृत्त झाला म्हणजे त्याची जागा रिकामी झाली असे आपण व्यवहारात म्हणतो. शासनाच्या भाषेत तसे म्हणता येत नाही. ‘संच’ म्हणजे शाळेस मंजूर असलेला शिक्षकवर्ग. तो ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवरून दर वर्षी ठरतो. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक व ६१ ते ९० मुलांस तीन शिक्षक असे प्रमाण आहे. म्हणजे एका मुलाच्या फरकाने एक पद उभे राहते किंवा जाते. पद गेले तर त्यावरील शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो व त्याला अन्य शाळेत सामावून घ्यावे लागते. यालाच ‘समायोजन’ म्हणतात. २ मे २०१२ च्या शासननिर्णयाने अशा शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत खाजगी अनुदानित शाळांतील नवी भरती थांबविण्यात आली आणि उमेदवारांच्या एका संपूर्ण पिढीस हा शब्द कडू झाला. यानंतर उरते ती ‘बिंदुनामावली’. प्रत्येक पदास एक क्रमांक, म्हणजे बिंदू, असून कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा हे पूर्वनिश्चित असते. नामावली तपासून झाल्यावाचून जाहिरात निघत नाही. सारांश, रिकामी जागा आणि भरावयाची जागा या दोन भिन्न वस्तू आहेत.

दुसरा घोटाळा ‘पात्रता’ आणि ‘अभियोग्यता’ या शब्दांचा आहे. पहिली ते आठवीच्या शिक्षकास शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक असावी, असे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१० साली ठरविले आणि महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून सुरू झाली. ती १५० गुणांची असून खुल्या प्रवर्गास ६० टक्के गुण मिळवावे लागतात. त्या १५० पैकी ६० गुण दोन भाषांचे आहेत, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. ही परीक्षा केवळ दार उघडते. क्रम लावीत नाही. क्रम लागतो तो ‘शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी’ने. ही चाचणी २०० गुणांची असून वेळ १२० मिनिटांचा, म्हणजे प्रत्येक प्रश्नास ३६ सेकंदांचा असतो. येथे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण हा भेदच नाही. गुणांवरून केवळ स्थान ठरते. म्हणून ‘मी चाचणी उत्तीर्ण झालो’ या वाक्यास अर्थ नाही. पात्रता परीक्षेचे महत्त्व मात्र वाढतच आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे उरली आहेत अशा सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण होण्यास सांगितले.

पूर्वी अनुदानित संस्थांतील नेमणुका संस्थाचालक करीत; त्यात ओळख व देणगी यांचा शिरकाव होतो, अशी तक्रार दीर्घकाळ होती. २३ जून २०१७ च्या शासननिर्णयाने चाचणीच्या गुणांवर आधारलेली ‘पवित्र’ ही संगणकीय पद्धती आली. २०२३ च्या आरंभी झालेल्या चाचणीस दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले; त्यानंतर २०२४ मध्ये २१,६७८ पदे जाहीर झाली. त्यांपैकी १६,७९९ मुलाखतीवाचून व ४,८७९ मुलाखतीसह भरावयाची होती. मुलाखतीवाचूनच्या पदांसाठी पहिल्या फेरीत ११,०८५ उमेदवारांची शिफारस झाली. पदे उरलेली व उमेदवारही उरलेले, हे कोडे वाटते. परंतु पद विशिष्ट प्रवर्गाचे, विषयाचे व माध्यमाचे असते, हे ध्यानी घेतले म्हणजे ते सुटते.

‘प्राधान्यक्रमा’विषयी एक गैरसमज रूढ आहे. वरच्या क्रमांकावर पुणे लिहिले तर खालच्या जिल्ह्यातील संधी जाते, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. संगणक उमेदवारांना गुणानुक्रमे घेतो आणि प्रत्येकाची यादी वरून खाली वाचतो. जे पहिले उपलब्ध पद सापडेल ते त्यास मिळते. पुण्याचे पद आधीच गेले असेल तर दृष्टी पुढील पर्यायावर जाते. उमेदवाराचा क्रमांक त्यामुळे घसरत नाही. परंतु एकदा शिफारस झाली की त्याखालचे पर्याय संपतात. म्हणून क्रम तर्काने नव्हे, खऱ्या इच्छेने लावावा. शिक्षण आयुक्तालय आणि परीक्षा परिषद पुण्यात आहेत, त्याचा पुण्याच्या उमेदवारास काहीही लाभ नाही. यादी सर्व राज्याची एकच असते.

आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी आणखी दोन शब्द जपून वाचावेत. पहिला ‘माध्यम’. एखादी भाषा उत्तम येणे म्हणजे त्या माध्यमास पात्र असणे नव्हे. आपले शिक्षण कोणत्या माध्यमातून झाले, हे पाहिले जाते. दुसरा ‘विषय’. जाहिरातीत ‘मराठी’ असे असेल, तर भाषाविज्ञानाची पदवी तिच्या जागी चालेल असे गृहीत धरू नये. अर्हतेचे शब्द जसेच्या तसे ताडून पाहावेत.

निवड झाल्यावर लाभणारे पद ‘शिक्षण सेवक’ हे होय. २००० सालापासूनच्या या योजनेत पहिली तीन वर्षे ‘वेतन’ नसून ‘मानधन’ असते. १ जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० व उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. शिक्षकाऐवजी सेवक आणि वेतनाऐवजी मानधन असे म्हटले की दायित्व कमी होते. शब्दांचे हे सामर्थ्य आपल्या शास्त्राच्या अभ्यासकांस नवे नाही.

शेवटी एक उणीव नमूद केली पाहिजे. चाचणीत उमेदवाराची मराठी व इंग्रजी यांतील क्षमता पाहिली जाते. परंतु ज्या मुलांपुढे त्यास उभे राहावयाचे आहे त्यांची भाषा त्यास कळते काय, हे कोणत्याही टप्प्यावर विचारले जात नाही. पुण्याचा उमेदवार गुणानुक्रमे गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या, मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या किंवा नंदुरबारमध्ये भिली बोलणाऱ्या मुलांपुढे जातो. अनुसूचित क्षेत्रांतील काही पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठी राखण्याची तरतूद २०१४ च्या अधिसूचनेने झाली व पुढे ती न्यायालयीन वादात सापडली. परंतु तिचाही निकष जमात हा होता, भाषा नव्हे. वशिल्याच्या जागी गुणानुक्रम आला, हे निःसंशय हिताचे झाले. तथापि गुणांच्या त्या मोजणीत मुलाच्या घरच्या भाषेसही काही स्थान असावे, हे सांगण्याचे काम आपल्यासारख्या विभागांनी केले नाही, तर ते दुसरे कोण करणार?