बैलांतील अश्मरीजन्य मूत्रावरोध : काढ्याची मर्यादा व शस्त्राची वेळ

ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे घरातल्या माणसांबरोबर गोठ्यातील व्यथाही येतात. काही वर्षांपूर्वी ऐन थंडीत एक शेतकरी आमच्याकडे आला. "डॉक्टरसाहेब, बैल कालपासून मुतला नाही. भावाला तुमच्या काढ्यानं खडा पडला होता, तोच बैलाला द्या," असे तो म्हणाला. बैल न पाहताच आम्ही गोक्षुर व वरुण यांचा काढा करून दिला. दुसऱ्या दिवशी निरोप आला की, बैलाचे कुंथणे थांबले, बैल शांत आहे. आम्हांस समाधान वाटले. पुढे दोन दिवसांनी पोट फुगून तो बैल मेला. त्या शांततेचा खरा अर्थ नंतर एका पशुवैद्यकांनी आम्हांस समजावून दिला : बैलास उतार पडला नव्हता, त्याचा बस्ती फुटला होता. अशी चूक अन्य वैद्यांकडून घडू नये, म्हणून हे लेखन.

रचनेतील भेद

नराच्या शरीरात मूत्र व शुक्र यांचा बाहेर पडण्याचा मार्ग एकच असतो. सबब या मार्गातील अवरोध मूत्रवह व शुक्रवह या दोन्ही स्रोतसांशी संबंधित ठरतो. बैलाचे शिश्न तंतुमय असून वृषणकोशाच्या मागे त्यास इंग्रजी 'एस' अक्षरासारखे दुहेरी वळण असते. खडा बहुधा याच वळणाच्या पुढील भागात अडकतो. गायीतही खडे होतात, परंतु तिचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने ते सहसा अडकत नाहीत. गोऱ्ह्याचे खच्चीकरण फार लहान वयात केल्यास मूत्रमार्गाची वाढ अपुरी राहते व तो अरुंदच राहतो, हेही ध्यानात घ्यावे.

मनुष्यात मूत्र तुंबल्यास आपण रबरी नळी घालून बस्ती रिकामा करू शकतो. बैलात ती सोय नाही. शिश्नाचे दुहेरी वळण आणि कटीच्या हाडाजवळ मूत्रमार्गास असलेला खिसा यांमुळे बाहेरून घातलेली नळी बस्तीपर्यंत पोहोचत नाही.

हेतू व लक्षणे

गव्हाचा कोंडा, धान्याचा भरडा व पेंड यांत स्फुरद अधिक व चुना कमी असतो. असा खुराक भरपूर आणि पाणी मात्र थोडे, अशी स्थिती झाली की मूत्रात स्फुरदयुक्त क्षार साचून खडे बनतात. थंडीत जनावर पाणी कमी पिते, त्यामुळे धोका वाढतो. काही प्रकारच्या गवतावर चरणाऱ्या जनावरांत वाळूच्या जातीचे, म्हणजे सिलिकाचे खडेही आढळतात.

आरंभी बैल शेपटी उचलून वारंवार कुंथतो, पोटावर लाथा मारतो, दात खातो. मूत्र थेंब थेंब येते, कधी रक्तमिश्रित असते, नंतर पूर्ण थांबते. शिश्नमुखावरील केस कोरडे राहतात किंवा त्यांवर क्षाराचे बारीक कण दिसतात. येथपर्यंत बस्ती शाबूत असतो व जनावर वाचण्याची आशा चांगली असते.

पुढे दोनपैकी एक घडते. मूत्रमार्ग फुटल्यास मूत्र त्वचेखाली झिरपून पोटाच्या खालच्या बाजूस मोठी सूज येते. बस्ती फुटल्यास ताण एकाएकी नाहीसा होतो, वेदना शमते, कुंथणे थांबते. मालकास वाटते, गुण आला! परंतु मूत्र उदरात साठत असते. एक-दोन दिवसांत पोट दोन्ही बाजूंनी खाली फुगते, जनावर चारा सोडते, मलूल होते आणि मूत्रविषाने दगावते. मूत्र न होता आलेली शांतता हे उपशयाचे लक्षण नव्हे.

काढा कोठे चुकतो?

आपले अश्मरीवरील बहुतेक योग मूत्रल आहेत. मार्ग अंशतः मोकळा असताना मूत्राचे प्रमाण वाढणे हितकर ठरते. मार्ग पूर्ण बंद असताना मात्र तेच औषध बस्ती अधिक वेगाने भरते आणि फुटण्याची घटिका जवळ आणते.

यवक्षाराविषयीही विचार व्हावा. तृणभक्षी प्राण्यांचे मूत्र मुळातच क्षारधर्मी असते व स्फुरदाचे खडे अशाच मूत्रात बनतात. तेथे पुन्हा क्षार देणे म्हणजे व्याधीच्या हेतूस बळ देणे होय. पशुवैद्यक अशा खड्यांसाठी मूत्र अम्लधर्मी करणारे अमोनियम क्लोराईड देतात. हाच आपल्या रसशास्त्रातील साधारण रसांपैकी नवसागर. तथापि बाजारातील कल्हईचा नवसागर अंदाजाने देऊ नये. सिलिकाच्या खड्यांवर त्याचा उपयोगही होत नाही.

शस्त्रकर्म

प्रचलित शस्त्रकर्मात खडा अडकलेल्या जागी मूत्रमार्ग उघडून तो काढतात. दुसऱ्या पद्धतीत पोटाच्या खालच्या भागातून बस्तीत फुगा असलेली रबरी नळी बसवतात. मूत्र नळीवाटे बाहेर पडते, मूत्रमार्गास विश्रांती मिळते, सूज ओसरते आणि औषधाने खडा विरघळतो वा सरकतो. मूत्र नैसर्गिक मार्गाने येऊ लागल्यावर, साधारणतः दीड-दोन आठवड्यांनी, नळी काढतात. गुदाखाली मूत्रमार्गास नवे तोंड करण्याचाही उपाय आहे. त्याने बैलाचा जीव वाचू शकतो, परंतु वळूची प्रजननक्षमता संपते. म्हणून वळूच्या बाबतीत विलंब दुप्पट महाग पडतो.

अश्मरीत शस्त्र हा शेवटचा उपाय आहे व कुशल हातीही यश अनिश्चित आहे, असे आचार्य सुश्रुत सांगतात. परंतु शस्त्र न केल्यास मृत्यू निश्चित असेल, तर धन्याची अनुज्ञा घेऊन ते करावे, असाही त्यांचा अभिप्राय आहे. मूत्रवह, शुक्रवह, सेवनी, बस्ती इत्यादी स्थाने जपण्याची त्यांची आज्ञा बैलाच्या शस्त्रकर्मातही तितकीच लागू पडते.

वैद्याचे कर्तव्य

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 अन्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे. आपली पदवी तो अधिकार देत नाही. तरीही आपल्या हाती पुष्कळ आहे. बैल मुतत नाही असे कोणी सांगितले, तर काढा न देता त्यास तत्काळ पशुवैद्यकाकडे धाडावे. बैल शांत झाल्याचा निरोप आला, तर "मूत्र किती झाले?" हा एकच प्रश्न विचारावा. एरवी कोंडा-पेंड बेताने देणे, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खुराकात चुना स्फुरदाच्या सुमारे दुप्पट राखणे, मीठ चाटावयास ठेवणे व थंडीत कोमट पाणी पाजणे हे पथ्य सांगावे. निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा, हे तत्त्व गोठ्यातही खरे आहे.

आम्ही त्या दिवशी औषध देण्याऐवजी बैल पशुवैद्यकाकडे पाठवला असता, तर कदाचित त्या शेतकऱ्याची जोडी मोडली नसती.