चेहऱ्याची बधिरता : तिची कारणे व उपचाराची वेळ

दुखू लागले की माणूस डॉक्टरकडे धावतो, पण गाल, ओठ किंवा हनुवटी बधिर झाली तर "दुखत तर नाही ना!" असे म्हणून तो स्वस्थ बसतो. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतील आपल्या खानदेशी मंडळींत हे फार आढळते. कोणी वारा लागला म्हणतो, कोणी तेल चोळतो, आणि लूमवरची पाळी बुडू नये म्हणून दवाखाना सुटीच्या दिवसावर ढकलतो. सबब या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

चेहऱ्याचा स्पर्श मेंदूस कळविणारा ज्ञानतंतू दोन्ही बाजूंस एकेक असून त्याला कपाळाचा, गालाचा व खालच्या जबड्याचा असे तीन फाटे आहेत. बिघाड दाढेच्या मुळाशी असो, कातडीत असो वा थेट मेंदूत, जाणवणारी बधिरता पुष्कळदा सारखीच असते. दाढ काढताना दिलेल्या इंजेक्शनाची बधिरता काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशीही टिकली तर दंतवैद्यास दाखवावे.

बधिरता अचानक आली, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हात किंवा पाय लुळा पडला, तर तो अर्धांगवायू समजून तत्काळ १०८ क्रमांकास फोन करावा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. "गावी नेऊ, तिथला वैद्य चांगला आहे" म्हणून ताप्ती लाईनच्या गाडीत रोग्यास बसविणे म्हणजे ती वेळ रुळांवर घालविणे होय. मजुरा गेटचे सिव्हिल हॉस्पिटल किंवा महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय त्याहून कितीतरी जवळ आहे. रोगी धडधाकट असा शेवटचा किती वाजता दिसला होता, हे डॉक्टरांस नक्की सांगावे. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले तरी घरी थांबू नये. तो पुढील झटक्याचा इशारा असू शकतो.

चेहऱ्याच्या हालचालीचा तंतू सुजला तर एका बाजूचा डोळा मिटत नाही, कपाळावर आठी पडत नाही, आणि गाल जड वाटतो. हा बेलचा पक्षाघात. त्यातून बहुतेक रोगी बरे होतात. मात्र औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हावे व उघड्या डोळ्यास जपावे. पण हा तो की अर्धांगवायू, याचा निवाडा शेजाऱ्यांनी करू नये. नागीण कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठली तर दृष्टीस धोका असतो. तिची दोन टोके जुळली की माणूस दगावतो ही समजूत खोटी; तीवर मंत्र घालण्यात दिवस दवडणे मात्र खरोखर घातक.

तंबाखू, मावा, गुटखा खाणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. दातांचे कारण नसता खालचा ओठ वा हनुवटी बधिर होणे, किंवा तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत न भरणे, हे कर्करोगाचे लक्षण असू शकते. मधुमेह व ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही बधिरता येते, पण ती बहुधा पायांपासून सुरू होते.

ज्याचे नाव काढावयास लोक कचरतात तो कुष्ठरोग शेवटी सांगतो. कातडीवर फिका किंवा तांबूस चट्टा उठतो आणि तेथे स्पर्श कमी होतो. चेहऱ्यावर ज्ञानतंतूंचे जाळे दाट असल्याने चट्ट्यात स्पर्श कळतोही. तेवढ्यावरून निश्चिंत राहू नये. मुलीचे लग्न मोडेल म्हणून चट्टा पावडरीखाली लपविला जातो, आणि तेवढ्या अवधीत बोटे वाकतात. सरकारी रुग्णालयांत याचे औषध फुकट मिळते, सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते, आणि ते सुरू होताच रोग इतरांस लागण्याचा धोका झपाट्याने ओसरतो. घटस्फोटाच्या कारणांतूनही हा रोग २०१९ सालच्या कायद्याने वगळण्यात आला आहे.