मालवाहू गाडींतील कुत्र्याची पेटी

वर्धा जिल्ह्यांतील आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर किंवा सेलू या बाजूच्या एखाद्या घरचा कुत्रा आजारी पडला आणि जवळच्या दवाखान्यांतील उपचारानें भागलें नाहीं, म्हणजे त्याला नागपुरास नेण्याचा विचार निघतो. तेथें १९५८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि वर्ध्याहून नागपूर सुमारें ७५ किलोमीटरांवर आहे. घरच्या मोटारींत मोठा कुत्रा मावत नाहीं. मग शेतमाल वाहणारी लहान गाडी काढली जाते. तिला लोक पिकअप म्हणतात, आणि तिच्याहून धाकट्या गाडीला ‘छोटा हत्ती’ म्हणतात. कुत्र्याला डाल्यांत चढवून साखळीनें बांधलें जातें, किंवा कोठून तरी पत्र्याचा खोका मिळवून त्यांत कोंडलें जातें.

हे दोन्ही प्रकार धोक्याचे आहेत. गाडीनें हिसका घेतला कीं बांधलेला कुत्रा डाल्याच्या कडेवरून बाहेर पडतो आणि गळ्यांतील साखळीच त्याचा फांस होते. पत्र्याच्या खोक्यांतला कुत्रा पडत नाहीं, पळत नाहीं, पण उन्हाळ्याच्या दिवसांत तो मुक्कामास जिवंत पोंचेल याची खात्री नसते. या दोहोंवर उपाय म्हणजे नीट विचार करून बनविलेली लांकडी पेटी. साधा सुतार ती सहज करूं शकतो. मात्र ती करतांना एक गोष्ट प्रथम मनांत ठसली पाहिजे. कुत्र्याला अडकवून ठेवणें हें पेटीचें दुय्यम काम असून त्याला सावली व वारा देणें हें तिचें पहिलें काम आहे.

परदेशांत अशा पेट्या फार प्रचलित आहेत. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील शिकारी लोक आणि ऑस्ट्रेलियांतील मेंढपाळ आपल्या गाड्यांच्या मागील भागांत अल्युमिनियमच्या, दोन कप्प्यांच्या पेट्या बसवितात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आहे, आणि वर्धा जिल्ह्यांतील बोर अभयारण्य तर २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झालें. तेव्हां येथील पेटीचा उपयोग दवाखाना, लसीकरण आणि बिऱ्हाड बदलणें एवढ्यापुरताच आहे. परदेशी पेटी डोळे मिटून उतरवून घेण्यांतही अर्थ नाहीं. मे महिन्यांत वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, आणि नवतप्यांत उघड्यावर ठेवलेल्या धातूच्या पत्र्याला हात लाववत नाहीं.

उन्हाचा कुत्र्यावर माणसापेक्षां अधिक परिणाम कां होतो, हें समजून घेतल्यास पेटीची सर्व रचना आपोआप उलगडते. माणसाच्या सर्वांगाला घाम येतो व तो वाळतांना शरीर थंड होतें. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि तोही नांवापुरता. त्याचा खरा आधार धापेवर असतो. जीभ बाहेर काढून तो जलद श्वास घेतो, आणि तोंड, जीभ व श्वासमार्ग यांवरील ओलावा वाळून रक्त निवतें. पण बंद पेटींत त्याच्याच श्वासानें हवा दमट होते, ओलावा वाळेनासा होतो, आणि धाप लागूनही अंग निवत नाहीं. कुत्र्याचें स्वाभाविक उष्णतामान सुमारें ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतें. तें ४१ च्या वर गेलें कीं जिवास धोका उत्पन्न होतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तर हा धोका फारच लवकर गांठतो.

आतां मापें. विमानानें प्राणी नेण्यासाठीं आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेनें ठरविलेला हिशेब येथेंही उपयोगी पडतो. कुत्रा उभा असतांना चार मापें घ्यावींत : नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, जमिनीपासून पुढील पायाच्या कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, आणि डोक्याची किंवा उभ्या कानांची उंची. पहिल्या मापांत दुसऱ्याचें निम्में मिळविलें कीं पेटीची लांबी येते. तिसऱ्याची दुप्पट ही रुंदी. चौथें माप व अंथरुणाची जाडी मिळून उंची. समजा, मध्यम बांध्याच्या गांवठी कुत्र्याचीं मापें अनुक्रमें ७५, ३०, २० व ६० सेंटिमीटर भरलीं, तर पेटी आंतून ९० लांब, ४० रुंद व अंथरुण धरून सुमारें ६५ सेंटिमीटर उंच असावी. ही कमींत कमी जागा झाली. चार बोटें अधिक ठेवण्यास हरकत नाहीं. पण फार ऐसपैस पेटींत वळणावर कुत्रा एका भिंतीवरून दुसरीवर आदळतो, हेंही ध्यानांत ठेवावें. कुत्र्याला आंत उभें राहतां, वळतां व अंग पसरून निजतां आलें म्हणजे माप बरोबर आहे असें समजावें.

सांगाड्यासाठीं सागाच्या दीड इंची पट्ट्या आणि भिंतींसाठीं पाण्यानें न सुटणारा १२ मिलिमीटर जाडीचा प्लायवुड घ्यावा. समोरची बाजू जाळीच्या दाराची असल्यामुळें वरच्या मापाची पेटी आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा एकाच तक्त्यांतून निघते. जोड खिळ्यांनीं न मारतां स्क्रूंनीं आवळावे, कारण रस्त्याच्या धक्क्यांनीं खिळे ढिले होऊन आंत टोंकें काढतात. आंतील बाजू रंधून गुळगुळीत करावी व तिला रंग लावूं नये. कुत्रा ती चाटतो, कुरतडतो. बाहेरून मात्र पांढरा रंग द्यावा, म्हणजे पुष्कळसें ऊन परत फिरतें.

छप्पर हा पेटीचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. सेवाग्रामच्या आश्रमांत १९३६ पासून ज्या कुट्या उभ्या राहिल्या, त्यांच्या मातीच्या भिंती व कवेलूंचें छप्पर उन्हाळ्यांत आंत गारवा राखतात, हें तेथें जाणाऱ्यास सहज जाणवतें. चालत्या गाडीवर माती व कवेलू नेतां येत नाहींत, पण ऊन दुसऱ्या कशावर तरी झेलावें व तें अंगापर्यंत येऊं देऊं नये, हें तत्त्व नेतां येतें. यासाठीं पेटीच्या झांकणावर चार-पांच सेंटिमीटर उंचीचे ठोकळे बसवून त्यांवर दुसरी फळी टाकावी, आणि ती चारी बाजूंनीं वीतभर पुढें काढावी. वरची फळी तापते, मधून वारा वाहतो, आणि खालचें झांकण निवांत राहतें. डाल्यावर ताडपत्री ओढून हें काम साधत नाहीं. पेटीला चिकटलेली ताडपत्री सावलीबरोबर वाराही अडविते.

वाऱ्याच्या वाटा समोरासमोर असाव्या लागतात. एकाच भिंतीला कितीही भोकें पाडलीं तरी हवा आंत शिरून बाहेर पडत नाहीं. म्हणून दोन्ही लांब भिंतींच्या वरच्या तृतीयांशांत रुंद खिडक्या काढून त्यांना बळकट जाळी बसवावी आणि तळापासून थोड्या उंचीवर लहान झरोके ठेवावे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, वरच्या खिडकीनें निघून जाते व खालून ताजी हवा आंत येते. गाडी चालू असतांना वारा आपोआप मिळतो. खरी कसोटी लागते ती रेल्वे-फाटकापाशीं किंवा चहाच्या टपरीपाशीं गाडी थांबली म्हणजे. जाळीचे डोळे इतके बारीक असावे कीं त्यांत पंजा किंवा जबडा अडकणार नाहीं, आणि तिच्या कापलेल्या कडा पट्टीखालीं दाबलेल्या असाव्या.

तळाशीं फटी ठेवूं नयेत, त्यांत नखें अडकतात. अखंड फळीवर रबरी चटई अंथरावी, तळाला दाराकडे किंचित् उतार द्यावा आणि तेथें पाणी निघून जाण्यास दोन भोकें ठेवावींत. दाराला बिजागऱ्या भक्कम हव्यात व कडीला साखळीनें बांधलेली खुंटी हवी. कुलूप कधींही लावूं नये. अपघात झाल्यास कोणाही परक्या माणसाला दार एका क्षणांत उघडतां आलें पाहिजे. आंत कुत्र्याला गळ्यानें बांधणें हेंही वर्ज्य समजावें.

पेटी डाल्यांत कोठें ठेवावी, याला कारणें आहेत. चालकाच्या खोलीला लागून, पण चार बोटें अंतर सोडून ती ठेवावी. मागील चाकांच्याही मागें धक्के सर्वांत अधिक बसतात, आणि धांवत्या गाडीच्या पाठीमागें जी भोंवऱ्यासारखी हवा फिरते तिच्याबरोबर इंजिनाचा विषारी धूर डाल्यांत ओढला जातो. पेटी नुसती दोरखंडानें आवळूं नये. डाल्याच्या तळांतून बोल्ट काढून, खालीं रुंद वॉशर घालून, चारी कोपरे घट्ट करावे. रिकामी पेटी वीस किलोंच्या घरांत आणि तींत पंधरा-वीस किलोंचा कुत्रा. अचानक ब्रेक लागला कीं गाडी थांबते, पण सुटी पेटी थांबत नाहीं.

पेटी तयार झाली तरी कुत्रा तयार व्हावयाचा असतो. प्रवासापूर्वीं आठ-दहा दिवस ती अंगणांत उघडी ठेवून त्याचें खाणें तींतच द्यावें, म्हणजे तो तिला आपली जागा मानूं लागतो. उन्हाळ्यांत पहांटे निघून ऊन चढण्यापूर्वीं मुक्काम गांठावा. १९७८ च्या प्राणी-वाहतूक नियमांनुसार लांबच्या प्रवासांत कुत्र्याला उन्हाळ्यांत दर चार तासांनीं व हिवाळ्यांत दर सहा तासांनीं पाणी मिळालें पाहिजे. विदर्भाच्या उन्हांत तासातासाला थांबून पाणी दाखविणें अधिक शहाणपणाचें. थांबणें झाडाखालींच असावें, आणि दरवेळीं पेटींत हात घालून आंतली हवा पाहावी. ती बाहेरच्यापेक्षां ऊन लागली तर दार उघडून, कुत्र्याला पट्ट्यानें धरून खालीं उतरवावें.

लाळ चिकट होणें, हिरड्या गडद लाल दिसणें, पाय लटपटणें हीं उष्माघाताचीं लक्षणें होत. अशा वेळीं दवाखान्याकडे गाडी पिटाळण्याच्या आधीं कुत्र्याला सावलींत आणून त्याच्या सर्वांगावर साधें गार पाणी ओतीत वारा घालावा, शुद्धीवर असल्यास थोडें थोडें पाणी पाजावें, आणि मग त्वरेनें डॉक्टरांकडे न्यावें. आजारी कुत्रा नेऊन आणल्यावर पेटी साबणानें धुवून ब्लीचिंगच्या पातळ द्रावणानें पुसावी, पुन्हां पाण्यानें धुवावी व उन्हांत वाळवावी. पार्व्हो नांवाच्या रोगाचे विषाणू लांकडावर महिनोन्महिने टिकून राहतात, आणि पुढच्या वेळीं त्याच पेटींत एखादें पिलूं बसावयाचें असतें.

प्राण्यास विनाकारण यातना होतील अशा रीतीनें वाहून नेणें, किंवा त्याला हालचाल करतां येणार नाहीं इतक्या तोकड्या पिंजऱ्यांत ठेवणें, हा १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. पहिल्या अपराधाबद्दल त्यांत सांगितलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा आहे. तेवढ्याच्या धाकानें कोणी चांगली पेटी बनवील असें नाहीं. पेटी चांगली झाली आहे कीं नाहीं याची परीक्षा घरींच करतां येते. भर दुपारीं ती रिकामी उन्हांत ठेवावी, आंत एक उष्णतामापक टांगावा व दुसरा शेजारच्या झाडाच्या सावलींत टांगावा. तासाभरानें दोहोंतील आंकडे जवळजवळ सारखे दिसले, तर पेटी प्रवासास योग्य झाली. आंतला आंकडा बराच वर असला, तर सुताराला पुन्हां बोलावून खिडक्या वाढवाव्या, आणि तोंवर कुत्र्याला तींत बसवूं नये.