सावित्रीबाईंचं माहेर पाहिलंत का?

भिवंडीकरांनो, साताऱ्याकडे निघालात तर शिरवळपाशी वाट जरा वाकडी करा आणि नायगाव गाठा! ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई इथेच जन्मल्या, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी. ते घर आता स्मारक म्हणून जपलंय. शिरवळच्या बाजारात या पोरीला एक पुस्तिका मिळाली आणि वडिलांनी ती भिरकावली, अशी आठवण सांगतात. त्या घरात उभं राहून ती आठवली की अंगावर काटा येतो.

१८४० मध्ये, नवव्या वर्षी लग्न. जोतिराव तेरा वर्षांचे.

३ जानेवारीला तिथे तोबा गर्दी असते. निवांत पाहायचं तर दुसरा दिवस निवडा, आणि मुलींना सोबत न्या.