ताटातला एक पदार्थ : मुलांची अन्नाची ॲलर्जी आणि पालकांचे कर्तव्य

खारदांड्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलाचा आणि जवळ्याचा वास ज्याच्या परिचयाचा आहे, त्याला मासळीच्या दोन घासांनी लहान मुलाचा जीव धोक्यात येऊ शकतो असे सांगितले, तर ते खरे वाटणार नाही. मलाही वाटले नसते. परंतु काही वर्षांपूर्वी माझ्याच घरी हा प्रसंग घडला. त्यातून जे शिकायला मिळाले ते आपल्या सभासद बंधुभगिनींपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी डॉक्टर नाही. मुलाच्या औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा, हे प्रथमच नमूद करतो.

माझ्या बहिणीचा चार वर्षांचा मुलगा सुट्टीत आमच्याकडे आला होता. दुपारी कोळंबीचे कालवण होते. कोळंबी त्याने पूर्वीही खाल्ली होती. जेवण संपण्यापूर्वीच त्याचे ओठ सुजले आणि अंगावर गांधी उठल्या. शेजारच्या मावशी धावत आल्या. त्या म्हणाल्या, "पित्त उठलंय पोराला, आमसूल चोळा." आम्ही आमसूल चोळत बसलो. थोड्याच वेळात मुलाला खोकल्याची उबळ आली, आवाज घोगरा झाला आणि तो एकदम मलूल पडला. रिक्षाने इस्पितळ गाठले. तेथे मांडीत एक इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत त्याने डोळे उघडले. "आमसूल चोळण्यात वेळ घालवलात," एवढेच डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी आजवर विसरलो नाही.

पुढे दुसरी चूक झाली. कुणाच्या तरी सल्ल्याने बहिणीने एका प्रयोगशाळेतून मुलाच्या रक्ताची मोठी तपासणी करून घेतली. अहवालात वीसहून अधिक पदार्थांपुढे 'पॉझिटिव्ह' असा शेरा होता. घाबरून तिने दूध, अंडी, शेंगदाणे, डाळी, गहू सारे बंद केले. चार महिन्यांत मुलाचे वजन उतरले. अखेर ॲलर्जीच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी सर्व हकीकत विचारून, पुन्हा तपासून सांगितले, की याला फक्त कोळंबीच्या जातीचे पदार्थ चालत नाहीत. बाकी सर्व खाऊ द्या.

पहिली चूक अज्ञानाची होती, दुसरी भीतीची. अन्नाच्या ॲलर्जीत पालकांकडून बहुधा याच दोन चुका होतात.

ॲलर्जी म्हणजे काय?

रोगजंतूंशी लढण्यासाठी आपल्या शरीरात संरक्षक यंत्रणा असते. काही जणांत ही यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाचे प्रतिद्रव्य तयार करते. ते प्रतिद्रव्य विशिष्ट पेशींवर दबा धरून बसते. तोच पदार्थ पुन्हा पोटात गेला, की त्या पेशींमधून हिस्टामिन व इतर द्रव्ये बाहेर पडतात. त्यामुळे गांधी, सूज, उलटी, दम अशी लक्षणे बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसतात. पूर्वी खाल्लेला पदार्थ अचानक का सोसेनासा होतो, याचे उत्तर यात आहे.

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनी प्रथम वापरला. १९२१ मध्ये जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग केला. क्यूस्टनर यांना मासा सोसत नसे. त्यांच्या रक्तातील द्रव प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. मासा निर्धोक खाणाऱ्या प्राउस्निट्झ यांच्या त्वचेवर तेथे गांध उठली. दोष रक्तात आहे हे सिद्ध झाले. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी "पोराचे नखरे आहेत, थोडे थोडे खाऊ घाला म्हणजे सवय होईल," असे म्हणणे योग्य नाही. तो नखरा नव्हे, आणि घरच्या घरी सवय लावण्याचा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

ॲलर्जी नसलेल्या गोष्टी

प्रत्येक त्रास ॲलर्जीचा नसतो. दूध प्यायल्यावर पोटात गॅस होणे, जुलाब होणे हे दुधातील साखर न पचल्यामुळेही होते. तो त्रासदायक पण जीवघेणा नसलेला प्रकार आहे. बांगडा, तारली असे मासे बर्फाविना राहिले, तर त्यांच्यातच हिस्टामिन साठते आणि ते खाणाऱ्याचे अंग लाल होते, डोके दुखते. एकाच मासळीने घरातील अनेकांना असा त्रास झाला, तर तो बहुधा मासळीचा दोष असतो. एकाच मुलाला आणि दर वेळी तोच पदार्थ खाल्ल्यावर त्रास झाला, तर ॲलर्जीचा संशय घ्यावा.

आपल्या ताटातील पदार्थ

मुलांमध्ये दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, मासे, कोळंबी-चिंबोरी, गहू, सोयाबीन आणि तीळ यांची ॲलर्जी प्रामुख्याने आढळते. आपल्या देशात हरभऱ्याचीही नोंद आहे. मुंबईतील ॲलर्जीतज्ज्ञांनी १९९७ साली हरभऱ्यामुळे उद्भवलेल्या तीव्र प्रतिक्रियेविषयी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते.

आपल्या वस्तीच्या दृष्टीने काही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. कोळंबी, करंदी, जवळा, सोडे, चिंबोरी आणि शेवंड हे सारे कवचधारी प्राण्यांच्या एकाच कुळातील आहेत. "कोळंबी बंद केली" असे म्हणून जवळ्याची चटणी मुलाच्या भाकरीवर घातली, तर ते व्यर्थ आहे. यातील ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन शिजवल्याने किंवा वाळवल्याने नष्ट होत नाही. काही मुलांना कोळंबी उकळताना निघणाऱ्या वाफेनेही त्रास होतो. मात्र पापलेट, बोंबील, सुरमई हे मासे या कुळातले नाहीत. कोळंबी न चालणाऱ्या मुलाला मासे चालू शकतात. ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

गाईचे दूध सोसत नसेल, तर म्हशीचे किंवा शेळीचे दूध देऊन भागत नाही. त्यांतील प्रथिने बरीचशी सारखीच असतात. आईचे दूध मात्र बंद करू नये. दूध आणि अंडी यांची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वयानुसार नाहीशी होते, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा तपासणी करावी. शेंगदाणे, सुकामेवा, मासे आणि कोळंबी यांची ॲलर्जी बहुधा टिकून राहते. शेंगदाण्याचा कूट तर आपल्या भाजीत, चटणीत, खिचडीत, चिक्कीत न दिसता असतो.

बाजारातील पुडक्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी, एवढाच त्याचा अर्थ. त्यात दूध, शेंगदाणे असू शकतात. २०२०च्या केंद्रीय नियमांनुसार दूध, अंडी, मासे, कवचधारी प्राणी, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन, गहू वगैरे ग्लुटेनयुक्त धान्ये यांचा उल्लेख पुडक्यावर करावा लागतो. या यादीत तीळ नाही, हे तिळाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या पालकांनी विसरू नये. त्यांनी घटकपदार्थांची संपूर्ण यादी वाचावी. सुट्या मिठाईवर, फरसाणावर काहीच लिहिलेले नसते. तेथे विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात भजी तळली, तर ती भजीही त्या मुलाला वर्ज्य आहेत.

तपासणीचा अर्थ

रक्ताच्या किंवा त्वचेच्या तपासणीत 'पॉझिटिव्ह' येणे म्हणजे ॲलर्जी असणे नव्हे. शरीरात प्रतिद्रव्य आहे, एवढेच त्यावरून कळते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत कर्नाटकातील शाळकरी मुलांमध्ये अन्नाच्या ॲलर्जीचे प्रमाण अवघे ०.१४ टक्के आढळले; परंतु रक्तात प्रतिद्रव्य असणारी मुले त्याच्या कितीतरी पट होती. कोळंबीतील प्रथिनासारखेच प्रथिन घरातील धुळीच्या किड्यांत आणि झुरळांतही असते, त्यामुळे कोळंबी सुखाने खाणाऱ्याचा अहवालही 'पॉझिटिव्ह' येऊ शकतो. म्हणून मुलाने काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, हे वहीत लिहून डॉक्टरांना सांगणे हीच पहिली तपासणी. शंका उरल्यास इस्पितळात, देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा देऊन निर्णय केला जातो. पुष्कळ पदार्थांची एकत्र तपासणी करून मिळालेल्या कागदावरून मुलाचे ताट रिकामे करू नये. आपल्यासारख्या बेताच्या उत्पन्नाच्या घरात डाळ, अंडे, शेंगदाणे आणि सुकी मासळी यांवरच मुलाची वाढ अवलंबून असते.

लहान बाळांच्या बाबतीतही हेच खरे. पूर्वी अंडी, शेंगदाणे उशिरा द्यावेत असा सल्ला असे. २०१५ साली इंग्लंडमधील एका अभ्यासाने हा समज बदलला. खरूज नव्हे, तर तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळे त्यात होती. ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमाने दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना हे पदार्थ विनाकारण टाळू नयेत. मात्र शेंगदाणा अख्खा देऊ नये, घशात अडकतो. बारीक कूट करून पेजेत मिसळावा. बाळाला तीव्र इसब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

संकटाची वेळ

नुसत्या चार गांधी उठल्या, तर डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे औषध पुरते. परंतु पुढील लक्षणांपैकी एकही दिसले तर ते 'पित्त' नव्हे, संकट आहे : श्वास घेताना घरघर, सततचा खोकला, आवाज घोगरा होणे, जीभ सुजणे, वारंवार उलट्या, चक्कर, मूल निपचित पडणे.

अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हेच पहिले औषध आहे. ते मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत देतात. ॲलर्जीच्या गोळ्या किंवा पातळ औषध याची जागा घेऊ शकत नाहीत. परदेशात पालक पेनासारखे तयार इंजेक्शन जवळ बाळगतात. आपल्याकडे ते सर्वत्र सहज मिळत नाही. परंतु ॲड्रेनॅलिनची साधी कुपी महाग नाही. पूर्वी तीव्र त्रास झालेल्या मुलाच्या पालकांनी डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्यावी आणि ते देण्याची रीत शिकून घ्यावी. स्वतःच्या मनाने मात्रा ठरवू नये.

मुलाला आडवे निजवून पाय किंचित वर ठेवावेत. श्वास लागत असेल तर बसवावे, पण उभे करू नये, चालवू नये. बोट घालून उलटी काढू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने वांद्र्याचे भाभा रुग्णालय किंवा जवळचे कोणतेही इस्पितळ गाठावे. बरे वाटले तरी लगेच घरी आणू नये. काही तासांनी त्रास उलटू शकतो. मुलाला दमा असेल, तर त्याचे औषध नियमित चालू ठेवणे अधिकच गरजेचे आहे.

या सूचना एका कागदावर लिहून त्याच्या प्रती वर्गशिक्षिका, आजी, शेजारी आणि शिकवणीच्या ताई यांच्याकडे द्याव्यात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला "मला हे चालत नाही, यात काय आहे?" असे न लाजता विचारायला शिकवावे.

आपल्या संस्थेचे काम

महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडला होता आणि त्याच्याकडे कुणी लक्ष देत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः न्हाऊ घातले आणि पुढे रुग्णसेवा कशी करावी ते संघाला सांगितले. रुग्णाला काय हितकर आणि काय अहितकर हे जो जाणतो, जो अहितकर दूर करतो आणि हितकर जवळ आणतो, तो चांगला सेवक. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईवडिलांसाठी यापेक्षा नेमका उपदेश मला सापडलेला नाही. आम्ही पहिल्या वेळी अहितकर ओळखले नाही, दुसऱ्या वेळी हितकरही दूर केले.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटली जाते. तिच्यात दूध, काजू, बदाम असतात. जयंतीच्या भोजनातही शेंगदाण्याचा कूट असतो. माझी कार्यकारिणीला विनंती आहे, की पातेल्याजवळ त्यात काय काय घातले आहे याची पाटी ठेवावी, प्रत्येक पातेल्याला स्वतंत्र डाव असावा आणि दूध-सुकामेवा नसलेला एक पदार्थ करावा. यास फारसा खर्च नाही.

आणखी एक गोष्ट. अशा मुलाला वेगळे बसवू नये. वेगळ्या पंगतीचा अर्थ काय असतो, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. दूर करायचा आहे तो पदार्थ, मूल नव्हे. माझा भाचा आता मोठा झाला आहे. गेल्या बुद्धपौर्णिमेला तो सर्वांबरोबर पंगतीत बसला, वाढणाऱ्याला विचारून खीर घेतली आणि पोटभर जेवला. प्रत्येक मुलाला असे जेवता यावे, एवढीच इच्छा.

जयभीम!