मालाचा मार्का करून घेताना

परभणी जिल्ह्यातील ज्या शेतकरी गटांना तूरडाळ, हळदपूड किंवा करडईचे तेल स्वतःच्या पिशवीत वा डब्यात भरून विकावयाचे आहे, त्यांच्या मालास ठळक मार्का हवा. माल पसंत पडलेला ग्राहक पुढच्या वेळी त्या खुणेवरूनच तो मागतो. चित्रकाराकडे जाण्यापूर्वी माल कोणता, घेणारा कोण आणि मार्का कशावर छापावयाचा, हे गटाने लिहून काढावे.

दुसऱ्याच्या मार्क्याची नक्कल करवून घेऊ नये. ‘शुद्ध हळद’ असे नुसते वर्णनपर नाव सहसा नोंदले जात नाही. छत्रपती शिवाजी महाराज किंवा महात्मा गांधी यांचे नाव वा चित्र केंद्र शासनाच्या परवानगीवाचून व्यापारासाठी वापरण्यास १९५० च्या कायद्याने मनाई आहे.

आलेला नमुना एकाच शाईत गोणपाटावर छापून पाहावा, तसाच अंगठ्याएवढा लहान करूनही पाहावा. बारीक रेषा भरून जात असतील किंवा निरक्षर माणसास खूण ओळखता येत नसेल, तर तो बदलून घ्यावा. किती दुरुस्त्या मिळतील, हे मोबदला ठरवितानाच बोलून घ्यावे.

पैसे दिले म्हणजे चित्र आपले झाले, असे समजू नये. १९५७ च्या कायद्यानुसार स्वामित्वहक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. म्हणून चित्रकाराच्या सहीचा कागद व मूळ चित्र ताब्यात घ्यावे. नंतर १९९९ च्या कायद्याखाली व्यापारचिन्हाची नोंदणी करावी. ती १० वर्षे चालते व पुढे नूतनीकरण करता येते.

मार्का म्हणजे प्रतवारीचा दाखला नव्हे. त्यासाठी ॲगमार्क वेगळा घ्यावा लागतो. डाळीत खडे निघू लागले, तर ग्राहक त्याच खुणेवरून आपला माल टाळील.